मदत हवी आहे: एचआयआयटी (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असा व्यायाम) करताना हार्ट रेट 85 टक्क्यांवर जातच नाही

पायपीट
नॉर्वेवाली 4×4 पद्धत सुरू करतोय. चार मिनिटं कमाल हार्ट रेटच्या 85 ते 95 टक्क्यांवर, मग तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. मला निदान 148 गाठायला हवेत. घड्याळ 128 च्या पुढे सरकत नाही आणि इकडे मला धाप लागलेली असते. रविवारपासून ग्रुपबरोबर करायचंय, लवकर सांगा.

कोथरूडकर
वय किती? धावताय की सायकल? 148 कसे काढले?

पायपीट
220 वजा वय, त्याचे 85 टक्के. घरातली सायकल.

डोंगरवाट
220 चं सूत्र जुनं झालं. 208 वजा वयाच्या 0.7 पट, असं धरा.

कोथरूडकर
अहो, 148 वरून हे 46 चे दिसतात. कमाल आकडा एका सूत्राने 174, दुसऱ्याने 176. दोन ठोक्यांचा फरक, यांना वीस कमी पडताहेत! शिवाय दोन्ही सूत्रं सरासरीची, एकेकट्या माणसाचा आकडा दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे असतो.

पट्टेवाला
घड्याळ चुकतंय. हँडल धरताना मनगट मुडपतं, पट्टा सैल होतो. छातीचा पट्टा घ्या, दुसरा इलाज नाही.

पायपीट
भावाचा छातीचा पट्टा लावून पाहिला. 131.

सकाळची_उन्हं
या आकड्यांच्या मागे का लागायचं? मी रोज सूर्यनमस्कार घालते, दम छान वाढतो. तेच करा.

डोंगरवाट
ताई, त्यांनी 4×4 बद्दल विचारलंय.

नवशिक्या
यानं पोट कमी होतं का? प्रोटीन आधी घ्यायचं की नंतर?

वॉर्डातली
पायपीट, कुठली गोळी चालू आहे का? हे कुणीच विचारलं नाही.

पायपीट
बीपीची, मेटोप्रोलॉल, रोज सकाळी. तिचा इथे काय संबंध?

वॉर्डातली
सगळा संबंध तिचाच असू शकतो. हा बीटा ब्लॉकर आहे, हृदयाचे ठोके वाढू देत नाही. दम पूर्ण लागतो, आकडा मात्र खालीच राहतो. वयावरून काढलेलं लक्ष्य तुम्हाला लागू नाही. 148 च्या नादात जोर लावत बसू नका. गोळी मनाने बंद तर मुळीच करू नका, एकदम सोडली तर हृदयाला धोका असतो. डॉक्टरांना विचारून गोळी चालू असतानाच स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करवून हृदयाची तपासणी) करा, त्यावरून तुमचा खरा कमाल आकडा कळेल. तोवर बोलता येईल इतक्याच वेगाने सायकल चालवा.

पट्टेवाला
तरी पट्टा घ्याच.

पायपीट
डॉक्टरांची वेळ घेतो. रविवारी ग्रुपबरोबर नुसतं चाललो तर चालेल ना?

वॉर्डातली
चालेल. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. बीपी कधीपासून आहे? घरात कुणाला हृदयविकार?