उणे २१ डीबीला एनर्जी डिटेक्टर चालेल का? सल्ला हवा

रेडिओवेडा:
नमस्कार मंडळी. कॉग्निटिव्ह रेडिओचा (मोकळा चॅनल स्वतः शोधून वापरणाऱ्या रेडिओचा) प्रकल्प करतोय. चॅनल मोकळा आहे की त्यावर टीव्ही चालू आहे, एवढंच ओळखायचंय. ८०२.२२ या (टीव्हीचे मोकळे चॅनल वापरणाऱ्या वायरलेस नेटवर्कच्या) मानकात ६ मेगाहर्ट्झमधला -११६ डीबीएमचा एटीएससी (अमेरिकी डिजिटल टीव्हीचा) सिग्नल पकडायला सांगितलाय, म्हणजे एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचं प्रमाण) उणे २१ डीबीच्या आसपास, सिग्नल नॉइजपेक्षा कितीतरी दुबळा. माझा एनर्जी डिटेक्टर (चॅनलमधली एकूण ऊर्जा मोजून ठरवणारा) सिम्युलेशनमध्ये चोख चालतो, पण आरटीएल-एसडीआर डोंगलवर (यूएसबीला लावायच्या रेडिओ रिसीव्हरवर) सॅम्पल कितीही वाढवले तरी ढिम्म! आणखी सॅम्पल घेऊ, की सायक्लोस्टेशनरी पद्धतीकडे (सिग्नलमधली ठरावीक काळाने परतणारी लय शोधण्याकडे) वळू?

लहरी:
सॅम्पल वाढवून काही होणार नाही. तुमचा थ्रेशोल्ड (सिग्नल आहे-नाही ठरवणारी सीमा) नॉइजच्या पातळीवर बेतलेला आहे आणि तापमान, गेन, शेजारच्या चॅनलची गळती यांमुळे ती पातळी हलत राहते. सिम्युलेशनमध्ये ती तुम्हाला नेमकी माहीत असते, इतकाच फरक. अंदाज १ डीबीने इकडेतिकडे झाला तरी साधारण उणे ३.३ डीबीखाली एनर्जी डिटेक्टर आंधळा होतो, मग तासभर ऐका नाहीतर दिवसभर. यालाच एसएनआर वॉल म्हणतात.

सायक्लोस्टेशनरी उत्तम, पण गणित जड. एटीएससीच असेल तर आधी पायलट (सिग्नलसोबत सतत जाणारा एकाच वारंवारतेचा सूर) पकडा, मी तरी तेच करेन. चॅनलच्या खालच्या कडेपासून ३०९ किलोहर्ट्झवर तो असतो. त्याची पॉवर एकूण सिग्नलच्या ११.३ डीबी खाली असते, तरी व्यवहार फायद्याचा: ६ मेगाहर्ट्झऐवजी १ किलोहर्ट्झचा फिल्टर लावला की नॉइज जवळजवळ ३८ डीबीने उतरतो. उणे २१ चे अधिक ५ होतात!

स्पेक्ट्रमप्रेमी:
+१ पायलटला. फक्त डोंगलचा क्रिस्टल (त्याची वारंवारता ठरवणारा स्फटिक) तपासा. ६०० मेगाहर्ट्झवर ५० पीपीएमची (दशलक्षात ५०) चूक म्हणजे ३० किलोहर्ट्झ, पायलट तुमच्या फिल्टरच्या पार बाहेर. टीसीएक्सओवालं (तापमानाने न ढळणाऱ्या क्रिस्टलचं) डोंगल घ्या, नाहीतर लांब एफएफटी (सिग्नलची वारंवारतेनुसार फोड) काढून आजूबाजूचे बिनही (वारंवारतेचे बारीक कप्पे) शोधा. बिन जितके जास्त तपासाल तितका थ्रेशोल्ड वर न्यावा लागेल, नाहीतर खोटे अलार्म वाढतील.

रेडिओवेडा:
मनापासून आभार, दोघांचेही. एफएफटीत एक बारीक रेघ दिसतेय खरी! तोच पायलट कशावरून?

लहरी:
अँटेना काढून तिथे ५० ओहमचं टर्मिनेशन लावा. रेघ तशीच राहिली तर ती डोंगलची स्वतःची, २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचे हार्मोनिक हमखास दिसतात. गेली तर बाहेरून येतेय, मग जागा जुळते का बघा.