मदत हवी आहे: झेलायला शिकवणारा गोष्टीचा खेळ

आमच्या बालवाडीत चार-पाच वर्षांची वीसेक मुलं आहेत. चेंडू घरंगळवणं छान जमलं: चेंडू म्हणजे सशाचं पिल्लू, पायांच्या बोगद्यातून बिळात पोचवायचं. अडतंय ते झेलण्यात. चेंडू येताना दिसला की मुलं डोळे मिटून मान वळवतात, हात ताठ पुढे. फुगा सावकाश येतो, तो झेलतात. मोज्यांचा मऊ चेंडू दिला तरी पुन्हा तेच. लांबून नाही, दोन पावलांवरूनच टाकते. जागा म्हणजे छोटंसं अंगण, खर्चाला पैसे नाहीत. बाद होण्याचे खेळ नकोत, काही मुलं लगेच रडवेली होतात. नजर चेंडूवर राहील आणि चेंडू अलगद छातीशी घेतला जाईल, अशी कुठली गोष्ट किंवा सोंग तुम्ही वापरता? आणि फुगा व चेंडू यांच्या मधली पायरी म्हणून काय द्यावं?