'सेल्फ ड्रायव्हिंग'ला मराठीत काय म्हणायचं? स्वयंचलित, स्वायत्त की बिनचालक?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या पोरांपुढं मला पुढच्या आठवड्यात तासभर मराठीत बोलायचंय. विषय आहे आपली आपण चालणारी गाडी, आणि तिच्या संशोधनाला, कायद्याला दिशा देणारी तज्ज्ञ मंडळी काय म्हणतात ते. माहिती गोळा झाली, पण शब्दांपाशी गाडं अडलंय. परवा वर्गात सहज विचारलं, सेल्फ ड्रायव्हिंग कार म्हणजे काय रे, तर एकजण लगेच म्हणाला, "भाड्यानं मिळती ती सर, ड्रायव्हर न घेता आपणच चालवायची, स्टँडजवळ बोर्ड हाय की." आणि त्याचं काही चुकलं नाही, आपल्याकडं 'सेल्फ ड्राइव्ह'चा अर्थ तोच आहे, म्हणजे नेमका उलटा. 'ऑटोमॅटिक' म्हणावं तर गिअर न टाकावी लागणारी गाडी, नुसतं 'सेल्फ' म्हणावं तर स्टार्टर. म्हणून मराठी शब्द पाहिजेच.

पेपरात स्वयंचलित, स्वायत्त, चालकविरहित असे तिन्ही वाचायला मिळतात आणि एकाच बातमीत तिन्ही आलटून पालटून येतात. मला वाटतं हे एकाच गोष्टीचे तीन शब्द नाहीत. तुमचं काय मत?

शब्दवेल्हाळ

सर, स्वयंचलितपासून सुरुवात करू. हा शब्द आधीच वापरून झिजलाय, स्वयंचलित जिना, स्वयंचलित दरवाजा, आणि सायकल नव्हे ती 'स्वयंचलित दुचाकी'. म्हणजे इंजिन असलं की स्वयंचलित, त्यात चालवणारा कोण हा प्रश्नच येत नाही. ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगलासुद्धा स्वयंचल अभियांत्रिकी म्हणतात ते त्यामुळंच.

स्वायत्त म्हणजे स्व अधिक आयत्त, आयत्त म्हणजे अधीन, तर जो स्वतःच्याच अधीन आहे तो. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आपण ठरवतं तसं. ऑटोनॉमसचं मूळ ग्रीकमध्ये आहे, तिथं त्याचा अर्थ स्वतःचा कायदा स्वतः करणारा. गाडीचा कायदा गाडी करत नाही हो, माणसं करतात.

माझी सूचना 'स्वयंचालित'. चलित म्हणजे चाललेलं, चालित म्हणजे चालवलेलं. एका कान्याचा फरक आहे पण चालवण्याची क्रिया त्यात येते. यंत्रचालित, वीजचालित हे आपण म्हणतोच.

शिरोलीकर

ताई, फार नेमकं सांगितलंत. गंमत म्हणजे हीच चर्चा तिकडचे तज्ज्ञ कित्येक वर्षं करतायत. अमेरिकेत वाहन अभियंत्यांची एसएई म्हणून संघटना आहे, तिनं २०१४ साली जे३०१६ नावाचं मानक काढलं, चालवण्यातलं किती काम गाडी स्वतः करते याच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या त्यातल्याच. त्यात चक्क लिहिलंय की ऑटोनॉमस, सेल्फ ड्रायव्हिंग, अनमॅन्ड हे शब्द वापरू नका, अर्थाचा घोळ होतो. कॅलिफोर्नियात पाथ म्हणून संशोधन कार्यक्रम १९८६ पासून चालू आहे, तिथले स्टीव्हन श्लॅडोव्हर हे या क्षेत्रातले जुने जाणते, त्यांचंही म्हणणं असं की ऑटोनॉमसच्या विरुद्ध शब्द 'माणसानं चालवलेली' हा नाही, 'सहकारी' हा आहे. म्हणजे जी गाडी दुसऱ्या गाड्यांशी, रस्त्याशी बोलत नाही, सगळं एकटीच्या जिवावर करते ती ऑटोनॉमस. त्यांच्या मंडळींनी १९९७ ला सॅन डिएगोच्या हायवेवर आठ गाड्या एकमेकींशी बोलत माळेसारख्या पळवून दाखवल्या होत्या, त्या आपोआप चालत होत्या पण ऑटोनॉमस नव्हत्या.

दूध संघ, साखर कारखाना, सूतगिरणी, सगळं सहकारावर उभं असलेल्या आपल्या जिल्ह्यात 'सहकारी गाडी' पोरांना लगेच कळेल असं वाटतंय.

इचलीचा_माग

शिरोलीकर दादा, मी इचलकरंजीचा, चौदा वर्षं मागावर हाय. आमच्याकडं ह्यो प्रश्न कधीच सुटलाय. साधा माग विजेवरच चालतोय पण त्याला कोणी ऑटो म्हणत न्हाई, कारण तार म्हंजे धागा तुटला तरी तो खडाखडा चालत राहतोय आणि कापड खराब हुतंय, म्हणून कामगारानं डोळ्यात तेल घालून बघत बसायचं. ऑटोलूमवर ताण्याचा एक धागा जरी तुटला तरी वरची पत्ती खाली पडतीय आणि माग जागच्या जागी थांबतोय. मग मी जाऊन तार जोडायची आणि चालू करायचा. म्हणजे ऑटो कशाला म्हणायचं तर चालतंय त्याला न्हाई, चुकलं की आपणहून थांबतंय त्याला. गाडीचं पण हेच बघा की, ती चालती किती भारी ह्यापेक्षा अडली तर थांबती का, का मीच बघत बसायचं.

शिरोलीकर

भावा, तू जे लिहिलंस त्याच्यावर मी सकाळपासून विचार करतोय. टोयोटा कंपनीचं मूळ मागातच आहे. साकिची टोयोदांनी १९२४ साली जो जी टाइप माग काढला तो धागा तुटला की आपणहून थांबायचा, आणि ती मोटार कंपनी पुढं १९३७ ला त्या मागाच्या कारखान्यातूनच वेगळी निघाली. या तत्त्वाला ते जिदोका म्हणतात. जपानीत जिदोका म्हणजे साधं ऑटोमेशन, पण त्यांनी लिहिताना मधल्या अक्षराला माणसाची खूण जोडली, उच्चार तोच ठेवून. मराठीत अशी खूण कुठं लावायची हे मला अजून सुचलेलं नाही, कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

आणि पातळ्यांचा खरा अर्थ तू सांगितलास तोच आहे. लेन धरून ठेवणारी, पुढच्या गाडीशी अंतर राखणारी जी गाडी आता आपल्याकडं शोरूममध्ये मिळते ती दुसऱ्या पातळीची, म्हणजे साधा माग, बघत बसायची जबाबदारी आपली. तिसरीत यंत्र बघतं पण हाक मारली की आपण हजर पाहिजे. चौथीत हाकेला कोणी आलं नाही तरी यंत्रानं स्वतः सुरक्षित थांबायचं, मात्र ठरवून दिलेल्या हद्दीतच. तीच गोष्ट कुठंही, कधीही जमली तर पाचवी.

कोर्टगल्ली

मी वकिली करते. मराठीत ह्याला तयार शब्द आहे आणि तो रोज लिहिला जातो. कुठल्याही अपघाताची फिर्याद काढून बघा, "आरोपीने आपल्या ताब्यातील ट्रक भरधाव वेगाने, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून" असंच वाक्य असतं. ताबा! चालवणं आणि ताबा ह्या दोन गोष्टी आहेत हे आमच्या हवालदार साहेबांना पहिल्यापासून माहीत आहे.

इंग्लंड-वेल्स आणि स्कॉटलंडच्या विधी आयोगांनी २०२२ ला जो एकत्रित अहवाल दिला त्यात नेमकं हेच वेगळं काढलंय. यंत्र चालवत असताना सीटवर बसलेल्याला ते 'यूजर इन चार्ज' म्हणतात. चालवण्यातल्या चुकीसाठी त्याच्यावर खटला नाही, ती जबाबदारी गाडीला मान्यता मिळवणाऱ्या संस्थेची. पण विमा, गाडीची अवस्था, लहान मुलांचे पट्टे हे त्याच्याच गळ्यात. त्यावरून २०२४ ला तिथं कायदाही झाला, आणि शब्दप्रेमींनी लक्षात घ्यावं असं म्हणजे मान्यता नसलेली गाडी आपोआप चालते असा समज होईल अशा शब्दांत जाहिरात करणं त्या कायद्यानं गुन्हा ठरवलंय. मात्र कायद्यानं स्वीकारलेला शब्द सेल्फ ड्रायव्हिंगच, जो एसएई नको म्हणतंय.

यूजर इन चार्जला मी 'ताबेधारक' म्हणेन. ताबेदार नको, त्याचा अर्थ हुकूम पाळणारा.

शब्दवेल्हाळ

ताबेधारक फारच चांगला! आणि गाडीनं माणसाला मारायची ती हाक, तिला 'ताबा-हाक' म्हणता येईल. ऑफिसात आपण चार्ज दिला, चार्ज घेतला म्हणतो तसंच आहे ते.

शिरोलीकर

संयुक्त राष्ट्रांच्या नियमात, १५७ नंबरचा, या हाकेनंतर किमान दहा सेकंद द्यायचे असं आहे. पुस्तक वाचणाऱ्या माणसाला दहा सेकंदात रस्ता डोक्यात येतो का, यावर माणूस आणि यंत्र यांचा अभ्यास करणाऱ्यांचं अजून समाधान नाही.

पन्हाळारोड

मी फार शिकलेली नाही पण लिहिते, माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. 'बिनचालक' शब्द मला सहन होत नाही. हंगामात रात्री ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, ट्रॅक्टरमागं दोन दोन जोडलेल्या, मागं लाल दिवा नाही, आणि असला तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. वडील सांगायचे की ट्रॉली आधी दिसत नाही, आधी रस्त्यावर पडलेल्या कांड्या दिसतात, मग पाय आपोआप ब्रेकवर जातो. हे ज्याला कळतं तो चालक. मग गाडीत यंत्र असू दे, कंपनी असू दे, कांड्या बघायची जबाबदारी कोणाची तरी असणारच ना? मग बिन कसं?

शिरोलीकर

ताई, तुमच्या वडिलांचं हे मी वर्गात सांगणार आहे, तुमची परवानगी आहे असं धरतो.

बिनचालक मीही सोडला. २०१८ ला अमेरिकेत ॲरिझोनात एका कंपनीच्या चाचणीच्या गाडीनं रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, त्या गाडीला सगळे बिनचालक म्हणायचे पण सीटवर देखरेखीला माणूस होता आणि त्याची नजर मोबाईलवर होती असं तपासात निघालं. बिनचालक म्हणत राहिलं की त्या सीटवरचा माणूसही स्वतःला मोकळा समजायला लागतो. आपल्या रिक्षावाल्यांची चालक-मालक संघटना असते, कारण दोन्ही एकच माणूस असतो. इथं मालक आपण आणि चालक दुसराच कोणी, ही फोड पोरांना समजली पाहिजे.

एक राहिलं, तज्ज्ञ. तत् अधिक ज्ञ, 'ते' जाणणारा, म्हणून दोन ज. पण 'ते' म्हणजे कुठलं ते? श्लॅडोव्हरांचं ते नियंत्रणशास्त्र. मिसी कमिंग्स पूर्वी अमेरिकेच्या नौदलात लढाऊ विमानं उडवायच्या, त्यांचं ते माणूस आणि यंत्र. ब्रायंट वॉकर स्मिथ यांचं ते कायदा. जर्मनीनं २०१६ ला नीतिनियम ठरवायला समिती नेमली तिचे अध्यक्ष उदो दि फाबिओ तर तिथल्या घटनात्मक न्यायालयाचे माजी न्यायाधीश. जीव वाचवताना वय, लिंग बघून निवड करायची नाही हा त्यांच्या वीस नियमांतलाच एक. म्हणून मी 'स्वयंचालित वाहनांचे तज्ज्ञ' असं मोघम म्हणणार नाही, प्रत्येकाचं 'ते' नावानिशी सांगणार, आणि त्यात मागावरचं, एसटीच्या सीटवरचं 'ते' पण येईल.

फळ्यावर लिहायचे शब्द ठरले: स्वयंचालित, पातळी, हद्द, ताबा, ताबेधारक, ताबा-हाक. आता लांब खोलीत बसून एकाच वेळी चार-पाच गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणू? जर्मन कायद्यात त्याला 'तांत्रिक देखरेख' म्हणतात पण बोलायला ते जड पडतंय.

इचलीचा_माग

आमच्याकडं खात्यातल्या सगळ्या मागांवर फिरून नजर ठेवतो त्याला जॉबर म्हणत्यात दादा. बिघाड झाला की पहिली हाक त्यालाच.