ऑनलाइन स्किन डॉक्टर ५०० च्या आत? सासूबाईंसाठी

गंगापूररोडची_सून: सासूबाई (६४) ओझरला असतात, गुडघ्यामुळे बाहेर पडायचं नावच काढत नाहीत. परकराची नाडी बांधतात तिथे गोल चट्टे आलेत, कडेला लाल, मधे साफ, रात्रभर खाजवतात. व्हिडिओवर डॉक्टर बघून औषध देतात म्हणे, कोणी घेतलंय का? बजेट ५०० रु.

सिडकोवाला: मी घेतलंय एका ॲपवर, ९०० फी. डॉक्टर तीन मिनिटं बोलला आणि १४०० चं फेसवॉश अन् सनस्क्रीन गळ्यात मारलं, पण पिंपल्स गेले राव. बिनधास्त घ्या.

गंगापूररोडची_सून: दादा ५०० लिहिलंय.

निफाडची_बाग: फवारणीचं औषध अंगावर उठलं असणार, मला द्राक्षबागेच्या छाटणीत असंच झालेलं.

गंगापूररोडची_सून: ओझर म्हणजे बागच असते का हो? फ्लॅटमध्ये राहतात त्या.

पंचवटीकर: कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ. आमच्या आजीने कधी डॉक्टर बघितला नाही.

लॅबवाली: हे गजकर्ण वाटतंय पण तपासून घ्या. आधी काही लावलंय का? मेडिकलमधली ट्यूब वगैरे?

गंगापूररोडची_सून: हो, मेडिकलवाल्याने दिलेली. दोन दिवस बरं वाटलं मग दुप्पट पसरलं.

लॅबवाली: मग त्यात स्टेरॉइड असणार, बंद करा. खाज दबते, खाली बुरशी वाढत राहते, आणि चट्ट्याचं रूपच बदलतं, मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. अशा ट्यूबा २०१८ पासून चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम आहे, देतात तरी. व्हिडिओच्या वेळी ट्यूब हातात ठेवा, नाव वाचून दाखवा. फोटो आदल्या दिवशी काढा, दुपारी खिडकीजवळ, फ्लॅश नको, ब्यूटी मोड तर अजिबात नको, एक लांबून एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं म्हणजे आकार कळतो. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक बघा. अजून एक, फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्शच कळत नसेल तर व्हिडिओच्या नादी लागू नका, ते हात लावूनच बघावं लागतं.

सिडकोवाला: तेच म्हणतोय मी, फोटो चांगला पाहिजे.

नाशिकरोड_७७: सरकारचं ई-संजीवनी फुकट आहे की! मोबाईल नंबर टाकून टोकन घ्यायचं. पण स्किनवालाच मिळेल याची खात्री नाही, मला जनरल डॉक्टर लागले, त्यांनी सिव्हिलला जा सांगितलं.

पंचवटीकर: सिव्हिलला जायला द्वारकाचा सिग्नल पार करा आधी, तोवर गजकर्ण आपोआप बरं होईल.

नाशिकरोड_७७: सिव्हिल त्र्यंबक रोडला आहे, द्वारका कशाला लागेल?

पंचवटीकर: ओझरहून येताना लागेल की नाही?

सिडकोवाला: मुंबई नाक्यानेही येता येतं. तिथे मिसळ भारी.

लॅबवाली: ताई, घरात अजून कोणाला खाज आहे का? टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात वाळवा, आणि खाज थांबली म्हणून औषध सोडू नका.

गंगापूररोडची_सून: मिस्टरांना पण आहे, आत्ता कबूल केलं! काल मी ओझरला जाऊन सासूबाईंचे फोटो काढायला बसले, सासूबाईंनी पदर असा घट्ट ओढला की नाणं पलंगाखाली घरंगळलं. "माझी कंबर मोबाईलमध्ये जायची नाही." आता तिथल्याच दवाखान्यात मंगळवारी स्किनच्या बाई येतात, तळमजल्यावर, फी ३००. तिकडेच नेते. मिस्टर ऑनलाइन दाखवणार आहेत.

सिडकोवाला: ॲपची लिंक देऊ का?