मोजमापाचा आक्षेप आणि रॉजर्स

मानवतावादी मानसशास्त्रात, म्हणजे माणसाच्या वाढीच्या क्षमतेवर आणि त्याच्या स्वतःच्या अनुभवावर भर देणाऱ्या विचारधारेत, तपासण्याजोगे काहीच नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो; तो मला अर्धाच पटतो. या धारेतील मॅस्लो यांची आत्मसिद्धीची, म्हणजे स्वतःच्या क्षमता पूर्णत्वाला नेण्याची, कल्पना निसटती आहे, आणि तिच्यासाठी त्यांनी माणसेही स्वतःच्या पसंतीने निवडली होती, हे मान्यच करावे लागेल. परंतु याच धारेतील समुपदेशक कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकातच समुपदेशनाच्या बैठका ध्वनिमुद्रित करून अभ्यासासाठी खुल्या केल्या. त्यांच्या अशाच काही मुद्रणांच्या आधारे मानसशास्त्रज्ञ ट्रुअ‍ॅक्स यांनी १९६६ मध्ये दाखवले, की रॉजर्स यांची आपुलकी सर्व बोलण्याला सारखी मिळत नव्हती, विशिष्ट बोलण्यालाच अधिक मिळत होती; म्हणजे वर्तनवादी स्किनर म्हणतात ते प्रबलन (प्रतिसाद देऊन एखादे वर्तन वाढवणे) तिथेही चालूच होते. समुपदेशक समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारतो, या रॉजर्स यांच्या ‘विनाअट स्वीकार’ या गृहीतकावरचा हा सर्वांत भेदक घाव मला वाटतो, आणि तो रॉजर्स यांच्याच मोकळेपणामुळे शक्य झाला.

हे मानसशास्त्र एकट्या व्यक्तीलाच केंद्रस्थानी ठेवते, ही दुसरी टीका मात्र मी फोंड्यात समुपदेशन करताना अनुभवली आहे. बोटीवरच्या नोकरीला निघालेल्या एका मुलाला, ‘तुला स्वतःला काय हवे आहे?’ असे विचारले, तेव्हा तो पासपोर्टची कड नखाने खरवडत बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘आईला विचारून सांगतो.’ त्याला मी अपरिपक्व म्हणणार नाही. त्याच्या ‘स्व’मध्ये आईही होती.