जावा मुक्तस्रोत आहे, तर परवान्याचे पैसे कशाचे?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याला आम्ही हजेरी, गेटपास आणि स्टोअर यांची प्रणाली जावा या प्रोग्रामिंग भाषेत करून दिली आहे व ती बरीच वर्षे विनातक्रार चालू आहे. आता त्यांच्या लेखापरीक्षकांनी सर्व सॉफ्टवेअरच्या परवान्यांची यादी मागितली असून जावापुढे काय लिहायचे, असे व्यवस्थापकांनी आम्हाला विचारले आहे. कायम आणि कंत्राटी मिळून तेथे २४० माणसे आहेत, प्रणाली मात्र तीन-चार संगणकांवरच चालते. जावा मुक्तस्रोत आहे असे आम्ही आजवर सांगत आलो, आणि परवान्याचे पैसे माणसे मोजून लावतात असेही कानावर येते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे? उद्या जावाच्या मालक कंपनीने मनात आणले तर भाषाच काढून घेता येईल का?

जुना प्रोग्रामर:
दोन्ही खरे आहे, कारण भाषेचा स्रोत (म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम), त्यापासून तयार केलेला, संगणकावर बसवायचा संच आणि ‘जावा’ हे नाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जावा तयार करणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००६ मध्ये जावाचा स्रोत जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली खुला करण्याचे जाहीर केले आणि त्यातून ओपनजेडीके हा खुला प्रकल्प उभा राहिला. २०१० मध्ये सन ओरॅकल कंपनीकडे गेली, तरी एकदा दिलेला तो परवाना परत घेता येत नाही. ओरॅकल स्वतः बांधून देते त्या संचाचा परवाना मात्र निराळा असतो आणि तो वारंवार बदलला आहे. जानेवारी २०२३ पासूनच्या वर्गणीत किती संगणकांवर जावा चालते हे विचारातच घेतले जात नाही. अर्धवेळ, हंगामी आणि अंतर्गत कामाला हातभार लावणारे कंत्राटदारही धरून सगळी माणसे मोजली जातात. हजारापेक्षा कमी माणसे असतील तर छापील दर दरमहा माणशी १५ डॉलर आहे, म्हणजे २४० जणांचे वर्षाला ४३,२०० डॉलर. तीन-चार संगणकांसाठी!

पण हे देणे ओरॅकलचा संच वापरणाऱ्याला लागू होते. टेमुरिन, कोरेटो, झुलू हे त्याच स्रोतापासून बांधलेले संच विनामूल्य मिळतात. तेव्हा प्रत्येक संगणकावर आवृत्ती विचारणारी आज्ञा देऊन पाहा: उत्तराच्या पहिल्या ओळीची सुरुवात ‘ओपनजेडीके’ अशी असेल तर बहुधा काळजी नाही, नुसते ‘जावा’ असेल तर तो ओरॅकलचा संच समजा आणि आकडाही टिपून ठेवा.

गंगापूर रोड:
ओरॅकलला खलनायक ठरवण्याआधी हेही लक्षात घ्यावे, की ओपनजेडीकेतील बहुतांश काम आजही त्यांचेच पगारी अभियंते करतात आणि आपण ते फुकट वापरतो. गो ही भाषा गूगलच्या पैशावर चालते, स्विफ्ट ॲपलच्या. त्यांबद्दल कोणी ओरड करत नाही.

जुना प्रोग्रामर:
पगाराबद्दल माझी तक्रार नाही, पण स्रोत खुला ठेवूनही नाड्या हातात कशा राहतात ते पाहा. मुक्तस्रोत प्रकल्प चालवणाऱ्या अपाची संस्थेने हार्मनी नावाची स्वतंत्र जावा बांधली. तिला अधिकृत ठरवणारा चाचणीसंच मोबाइलवरील वापराला आडकाठी न घालता मिळावा, ही मागणी आधी सनने आणि मग ओरॅकलने मान्य केली नाही. शेवटी डिसेंबर २०१० मध्ये अपाची जावाच्या कार्यकारी समितीतून बाहेर पडली. पुढे २०१७ मध्ये जावा ईई हा मोठ्या उद्योगांच्या प्रणालींसाठीचा जावाचा भाग एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे सोपवताना ओरॅकलने नाव दिले नाही, म्हणून ते जकार्ता झाले आणि जगभरच्या लोकांना आपापल्या प्रोग्राममधील ‘जावाएक्स’ खोडून ‘जकार्ता’ लिहीत बसावे लागले. अँड्रॉइडमध्ये जावाचा भाग वापरल्याबद्दल गूगलविरुद्ध केलेला खटला ओरॅकल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरली, पण निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली. म्हणून माझ्या मते भाषा निवडताना परवान्याइतकेच नाव आणि चाचणी कोणाच्या हातात आहेत हे पाहावे. पायथनचे नाव निदान ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहे.

सातपूरकर:
आभारी आहे. गेट आणि हजेरीच्या संगणकांवर ओपनजेडीके निघाले. स्टोअरच्या संगणकावर मात्र पहिल्या ओळीत ‘जावा’ आणि पुढे १.८.०_२०२ असे आहे.

जुना प्रोग्रामर:
मग पैशाच्या बाजूने आपण वाचलात. १.८ म्हणजे जावा ८, आणि तिची २०२ ही जुन्या, विनामूल्य परवान्याखालची शेवटची आवृत्ती. एप्रिल २०१९ मधील २११ पासून व्यावसायिक वापराला वर्गणी लागते. लेखापरीक्षकांना हा आकडा तसाच कळवा. परंतु त्यावर तेव्हापासून सुरक्षेची एकही दुरुस्ती चढलेली नाही, त्यामुळे संच बदलणे भागच आहे, आणि तोवर त्या संगणकावर कोणी ‘अपडेट’चे बटण दाबणार नाही एवढे बघा. संच बदलण्यापूर्वी एक तपासून घ्या: स्टोअरचे स्क्रीन जावाएफएक्स या स्क्रीन बनवण्याच्या साधनावर बेतलेले असतील, तर टेमुरिनच्या जावा ८ मध्ये ते येत नाही. झुलूचा एफएक्ससह येणारा संच घ्या, आणि आधी एका सुट्या संगणकावर चालवून पाहा.