‘कामून’ला लाल रेघ

जिंतूरचा मास्तर
सातवीचा वर्ग, सेमी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. परवा ‘वॉटर चेंजेस इन्टू व्हेपर ड्यू टू हीट ऑफ द सन’ सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. शंका? कुणालाच नाही. मग पुस्तक मिटलं आणि मराठीत बोलायला लागलो. मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली पोरगी उठली. “सर, आमच्या आज्जीचं लुगडं घरातल्या दोरीवर बी वाळतंय. तिथं ऊन कुठंय? मंग कामून वाळतंय?”
ज्या भाषेत भांडता येत नाही, त्या भाषेत शंकाही येत नाही. माझं मत: सेमी बंद करा.

औंढ्याचा इंजिनिअर
मास्तर, गल्लत होतेय. आम्ही अख्खं मराठीतून शिकलो. ‘द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन असे म्हणतात.’ दोन मार्क, विषय संपला. ‘बाष्पीभवन’ तरी कुणाच्या घरी बोलतात हो? घोकंपट्टीला माध्यम लागत नाही, गाईड लागतं.

गोदाकाठ
पण मराठीत शंका घ्यायची सोय भाषेतच आहे. ‘पाऊस पडला’, ‘पडला म्हणे’, ‘पडला असावा’. स्वतः पाहिलं, ऐकलं की अंदाज केला, एका शब्दात कळतं.

औंढ्याचा इंजिनिअर
असेल सोय. पोरं पळवणारी टोळी आली ‘म्हणे’, असा मेसेज आमच्या गावात फिरला, तेव्हा ‘म्हणे’ दिसत असूनही रात्रभर काठ्या घेऊन जागले लोक.

जुनी ट्रंक
माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरी मराठी, शाळेत उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं, विज्ञानसुद्धा उर्दूतून. आजोबांच्या वहीत भूमितीची सिद्धता उर्दूत आहे आणि समासात मोडीत खरडलंय, ‘हे कशावरून?’ परक्या भाषेनं त्यांचं डोकं काही बंद पडलं नाही.

जिंतूरचा मास्तर
काका, ‘कशावरून’ मोडीतच लिहिलं ना? माझंच म्हणणं झालं की. आणि त्या काळी वर्गापर्यंत पोचलेले किती? न पोचलेल्यांच्या वह्या ट्रंकेत सापडत नाहीत.

गंगाखेडची सून
तुम्ही सगळे माध्यमावर अडलात. माझी शाळा शुद्ध मराठी. पाचवीत विचारलं, “सर, चंद्र आपल्यासंगं कामून चालतो?” सर म्हणाले, “कामून नाही, का म्हण.” पोरं हसली. चंद्राचं राहिलंच. निबंधातल्या ‘कामून’खाली तर लाल रेघ आली. दहावीपर्यंत मी परत हात वर केला नाही. मास्तर, तुमच्या त्या पोरीला तुम्ही टोकलं का?

जिंतूरचा मास्तर
नाही टोकलं, ताई. पण आधी कितीदा टोकलं असेल कुणास ठाऊक. वर्षभर गप्प होती, ती उगाच नसावी. सेमीचं मत मात्र सोडत नाही.

औंढ्याचा इंजिनिअर
ते राहू द्या. लुगड्याचं काय सांगितलं तिला?

जिंतूरचा मास्तर
काहीच नाही. दोन सारखे रुमाल भिजवून दिले. एक बंद खोलीत, एक गच्चीवर, दिवस मावळल्यावर. सकाळी येऊन मलाच दम देती, “वरचा आधी वाळला सर, रातीचं. मंग पुस्तकात निस्तं ऊनच कामून लिवलंय?”